जरा विचारायचं होतं : बँकेतले इंग्रजी

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींचे इंग्रजी पहिल्यांदा कसाला लागते ते वर्गात नव्हे, बँकेत. वर्गातले इंग्रजी त्यांना येत असते. परीक्षा दिलेली असते, निबंध लिहिलेले असतात, व्याख्यान समजते. बँकेत मात्र समोरच्याला आपल्याकडून माहिती हवी असते आणि आपल्याला त्याच्याकडून. उच्चार अनोळखी असतात. आणि खाते उघडले नाही तर घरभाडे, फोनचे बिल, अर्धवेळ कामाचा पगार असे सगळेच अडते. अशा घाईत ‘व्हॉट डॉक्युमेंट्स यू वॉन्ट?’ असे तोंडातून निघून जाते. अर्थ पोचतो, पण ऐकणाऱ्याला ते दरडावल्यासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते.

यावर इलाज म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्न. ‘कोणती कागदपत्रं लागतात?’ असे थेट न विचारता ‘कोणती कागदपत्रं लागतात ते सांगाल का?’ असे विचारणे. इंग्रजीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत हा भाग मध्यम पातळीला येतो. साधे प्रश्न, काळ, कर्मणी प्रयोग हे सारे झाल्यावर. मराठी माणसाने तो पुष्कळ आधी शिकावा, साध्या प्रश्नांच्या बरोबरीने शिकावा, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे दोन. एक तर इंग्रजीत आदर दाखवायची ती मुख्य जागा आहे. आणि दुसरे, आपल्याला तो थेट प्रश्नापेक्षा सोपा जातो.

आधी आदराचे पाहू. मराठीत आपण ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून माणूस निवडतो आणि क्रियापद त्याच्यामागे जाते. ‘सांग’, ‘सांगा’, ‘सांगाल का’, ‘सांगता का जरा’ या प्रत्येकाचे वजन निराळे. त्यामुळे बोलण्यात ‘कृपया’ हा शब्द आपल्याला क्वचितच लागतो. तो पाट्यांवर आणि अर्जांत दिसतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. बँकेच्या व्यवस्थापकालाही तोच आणि धाकट्या भावालाही तोच. मग आपले लोक आदर भरून काढायला दर वाक्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ जोडतात. ब्रिटनच्या शाखांतले कर्मचारी बहुधा पहिल्या नावानेच ओळख करून देतात. त्यांना ‘सर’ची अपेक्षा नसते. त्यांच्या कानाला आदर जाणवतो तो प्रश्नाच्या घडणीत. ‘कुड यू टेल मी’, ‘वुड यू माइंड टेलिंग मी’, ‘डू यू नो’, ‘आय वॉज वंडरिंग’ ही त्या घडणीची दारे. यांतले एखादे आले की ‘तुम्ही’चे काम झाले.

‘आय वॉज वंडरिंग’ हे भूतकाळात का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. विचारणारा तर आत्ता, समोर उभा राहून विचारतो आहे. पण आपण काय म्हणतो? तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात आपण दारातूनच म्हणतो, ‘जरा विचारायचं होतं.’ तेही भूतकाळातच. मागणी थोडी मागे सरकवली की समोरच्यावरचा दाब कमी होतो, ही जाण दोन्ही भाषांना आहे. म्हणून ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड ओपन अ‍ॅन अकाउंट टुडे’ हे वाक्य मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे की या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येतो, प्रश्नचिन्ह नाही. ‘कुड यू टेल मी’च्या शेवटी मात्र प्रश्नचिन्ह येते.

आता सोपेपणाचे. इंग्रजीत थेट प्रश्न करताना वाक्य मोडावे लागते. ‘द ब्रँच ओपन्स अ‍ॅट नाइन’ याचा प्रश्न करायचा तर ‘डझ’ आणायचे, ते कर्त्याच्या आधी ठेवायचे, ‘ओपन्स’चा शेवटचा ‘स’ काढायचा आणि मग म्हणायचे, ‘व्हेन डझ द ब्रँच ओपन?’ मराठीत असे काही करावे लागत नाही. ‘शाखा नऊ वाजता उघडते’ याचा प्रश्न ‘शाखा किती वाजता उघडते?’ शब्द जागच्या जागी. या ‘डू-डझ-डिड’च्या उलटापालटीत मराठी विद्यार्थ्यांची वर्षे जातात, आणि तरी ऐनवेळी ‘व्हेन द ब्रँच ओपन्स?’ असेच निघते.

गंमत अशी की अप्रत्यक्ष प्रश्नात हेच मोडलेले वाक्य पुन्हा सरळ होते. ‘कुड यू टेल मी व्हेन द ब्रँच ओपन्स?’ यात ‘डझ’ नाही, उलटापालट नाही. जो क्रम थेट प्रश्नात चूक ठरला असता तोच इथे बरोबर. ‘असणे’ या क्रियापदाचे तर आणखी जवळचे नाते दिसते. ‘महिन्याचं शुल्क किती आहे?’ यात ‘आहे’ शेवटी येते. इंग्रजीतही अप्रत्यक्ष प्रश्नात ते शेवटी जाते : ‘कुड यू टेल मी व्हॉट द मंथली फी इज?’ आपल्या जिभेला ‘इज’ शेवटी ठेवायची सवय जन्मापासून आहे.

तरीही नेमकी इथेच चूक होते, आणि ती अर्धवट शिकल्यामुळे होते. शाळेत ‘व्हॉट इज’ ही जोडी इतकी घोटलेली असते की ‘कॅन यू टेल मी व्हॉट इज द फी?’ असेच तोंडी बसते. भारतातल्या इंग्रजीत ही रचना सर्रास ऐकू येते आणि तिच्यामुळे कुणाचे काही अडत नाही. पण शिकायचेच आहे तर नीट शिकावे : पहिल्या अर्ध्यात प्रश्न झाला की दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा प्रश्न करायचा नाही.

भूतकाळात ‘डिड’ गेले की काळ मूळ क्रियापदावर परततो. ‘व्हेन डिड यू पोस्ट माय कार्ड?’ याचे ‘कुड यू टेल मी व्हेन यू पोस्टेड माय कार्ड?’ होते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असते तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागते. आपल्या ‘की नाही’चे काम ते करतात. ‘या खात्याला महिन्याचं शुल्क आहे की नाही ते सांगाल का?’ म्हणजे ‘कुड यू टेल मी इफ धिस अकाउंट हॅज अ मंथली फी?’ आपले ‘की नाही’ मागून येते, त्यांचे ‘इफ’ पुढे येते. सराव करायचा तो एवढ्याच जागी. फार घाबरलेल्या माणसाला त्याहून सोपी वाट आहे. ‘हाउ टू’ आणि ‘व्हेअर टू’. ‘कुड यू शो मी व्हेअर टू साइन?’, ‘कुड यू टेल मी हाउ टू अ‍ॅक्टिव्हेट द कार्ड?’ यात कर्ताही नाही आणि काळही नाही.

व्याकरण एवढेच. यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे : विचारायचे काय? कारण चुकीची गोष्ट अदबीने विचारली तरी उत्तर चुकीचेच मिळते.

भारतातून गेलेला माणूस सवयीने ‘सेव्हिंग्ज अकाउंट’ मागतो. आपल्याकडे पगारदाराचे, विद्यार्थ्याचे, गृहिणीचे खाते म्हणजे बचत खाते, आणि ‘करंट’ म्हणजे चालू खाते ते दुकानदाराचे. ब्रिटनमध्ये रोजच्या व्यवहाराचे खाते म्हणजेच ‘करंट अकाउंट’. डेबिट कार्ड त्याच्यावर, पगार त्याच्यात, भाडे त्याच्यातून. ‘सेव्हिंग्ज अकाउंट’ हे पैसे बाजूला ठेवून व्याज मिळवायचे वेगळे खाते असते. तेव्हा पहिले वाक्य असे असावे : ‘आय’ड लाइक टू ओपन अ करंट अकाउंट. कुड यू टेल मी व्हिच अकाउंट्स आर अव्हेलेबल टू इंटरनॅशनल स्टुडंट्स?’ इथे ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय’ड लाइक’ हेही तितकेच गरजेचे. अमेरिकेत गेलात तर याच खात्याला ‘चेकिंग अकाउंट’ म्हणतात.

दुसरी सवय म्हणजे ‘मिनिमम बॅलन्स’ विचारणे. ब्रिटनच्या साध्या करंट खात्यांना सहसा किमान शिल्लक लागत नाही. काही खात्यांना मासिक शुल्क असते, काहींत दरमहा ठरावीक रक्कम जमा व्हावी लागते. म्हणून प्रश्न बदलायला हवा : ‘कुड यू टेल मी इफ आय हॅव टू पे इन अ सर्टन अमाउंट एव्हरी मंथ?’

मग कागदपत्रे. ब्रिटनमधल्या बँकांना २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार ग्राहकाची ओळख पटवावीच लागते. ओळखीचा पुरावा म्हणजे पासपोर्ट. तो प्रत्येकाकडे असतो. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. वीजबिल, कौन्सिल टॅक्सचे बिल, भाडेकरार यांतले काहीच नव्या माणसाच्या हाती नसते. भाडेकरार व्हायला खाते हवे आणि खाते उघडायला भाडेकरार हवा, अशी कोंडी होते. विद्यार्थ्यांसाठी तिच्यावर तोडगा विद्यापीठातच असतो. प्रवेश, अभ्यासक्रम आणि तिथला पत्ता नमूद करून विद्यापीठ बँकेच्या नावे पत्र देते. त्याला ‘बँक लेटर’ म्हणतात. ते सगळ्याच बँकांना चालते असे नाही, म्हणून शाखेत जाण्याआधी विचारून घ्यावे : ‘कुड यू टेल मी व्हेदर यू अ‍ॅक्सेप्ट अ लेटर फ्रॉम माय युनिव्हर्सिटी अ‍ॅज प्रूफ ऑफ अ‍ॅड्रेस?’ व्हिसाचेही आता बदलले आहे. पूर्वीची निवास परवान्याची प्लास्टिकची कार्डे बाद होऊन तिथे ई-व्हिसा आला आहे, आणि आपला दर्जा दाखवायचा असेल तर सरकारी संकेतस्थळावरून ‘शेअर कोड’ काढून द्यावा लागतो. जुने ब्लॉग आणि वरच्या वर्गातल्या मित्रांचे सल्ले यांवर विसंबू नये. ‘आय वॉज वंडरिंग व्हेदर यू नीड अ शेअर कोड’ असे बँकेलाच विचारावे.

बँकही तुम्हाला प्रश्न विचारते आणि तेही अप्रत्यक्षच असतात. हा भाग पुस्तकांत फारसा येत नाही. ‘वुड यू माइंड टेलिंग मी व्हॉट द अकाउंट विल बी यूज्ड फॉर?’ हा प्रश्न ऐकायला ऐच्छिक वाटतो; जणू सांगितले नाही तरी चालेल. तसे नाही. पैसे कुठून येणार, खाते कशासाठी, किती दिवस राहणार, हे विचारणे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि उत्तर टाळले तर अर्ज अडू शकतो. वरून मऊ दिसणाऱ्या वाक्याच्या आत सक्तीचा प्रश्न असतो, हे ओळखायला शिकणे हा भाषा शिकण्याचाच भाग आहे. शिवाय ‘वुड यू माइंड’चा अर्थ ‘तुमची हरकत आहे का’ असा असल्याने ‘येस’ म्हटले तर ‘हो, हरकत आहे’ असे होते. ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावे आणि थेट माहितीवर यावे : ‘इट’स फॉर माय रेंट अँड लिव्हिंग कॉस्ट्स. माय पेरेंट्स विल सेंड मी मनी फ्रॉम इंडिया.’ उत्तर नेहमी साधे, छोटे आणि खरे असावे. आडवळण प्रश्नापुरते ठीक. उत्तरात ते संशय निर्माण करते.

खाते उघडले की दोन क्रमांक मिळतात. सहा अंकी ‘सॉर्ट कोड’, जो दोन-दोन अंकांच्या तीन जोड्यांत लिहितात, आणि आठ अंकी खाते क्रमांक. कार्ड आणि त्याचा पिन सहसा वेगवेगळ्या टपालाने येतात. एक आले आणि दुसरे आले नाही तर ‘व्हेअर इज माय पिन?’ म्हणून फोन करण्यापेक्षा ‘कुड यू टेल मी व्हेन माय पिन वॉज सेंट?’ म्हटलेले बरे. यात तक्रारही आहे आणि दोष कुणावरच नाही.

‘ओव्हरड्राफ्ट’ हा शब्द तिथे पहिल्या दिवशीच कानावर पडतो. खात्यात आहे त्यापेक्षा जास्त काढण्याची सोय म्हणजे कर्जच. एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये त्यावर वेगवेगळे दंड आणि रोजचे शुल्क लावायला बंदी आहे. एकच वार्षिक व्याजदर सांगावा लागतो. पण तो दर बराच चढा असू शकतो. म्हणून विचारायचेच : ‘कुड यू एक्स्प्लेन व्हॉट हॅपन्स इफ आय गो ओव्हरड्रॉन?’ या वाक्यात ‘व्हॉट हॅपन्स’ थेट प्रश्नात आणि अप्रत्यक्ष प्रश्नात सारखेच राहते, कारण ‘व्हॉट’ स्वतःच कर्ता आहे. शुल्काचे, दंडाचे, मुदतीचे असे सगळे ‘व्हॉट हॅपन्स इफ’ने विचारता येते. एकच वाक्यरचना पाठ करायची असेल तर मी हीच सांगेन.

अर्ज नाकारला गेला तर काय? तिथे मुलांचा धीर सुटतो आणि ती गप्प राहून बाहेर पडतात. तसे करू नये. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी व्हाय माय अ‍ॅप्लिकेशन वॉज डिक्लाइन्ड’ असे शांतपणे विचारावे आणि लगेच पुढे : ‘कुड यू टेल मी इफ आय कॅन अप्लाय फॉर अ बेसिक बँक अकाउंट इन्स्टेड?’ ओव्हरड्राफ्ट नसलेले हे साधे खाते तिथल्या मोठ्या बँकांनी द्यावे, अशी तरतूद २०१५ च्या पेमेंट अकाउंट्स नियमांत आहे. ते मागणे ही याचना नव्हे. बँकेशी वाद झाला आणि तिने आठ आठवड्यांत तो मिटवला नाही तर फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे ग्राहकाला फुकट दाद मागता येते. त्याआधी बँकेकडे करायची तक्रारही अदबीनेच करता येते : ‘कुड यू टेल मी हाउ टू मेक अ फॉर्मल कम्प्लेंट?’

अदब कुठे सोडायची हेही माहीत हवे. ‘मी तुमच्या बँकेतून बोलतोय’ म्हणत कुणी फोन करतो आणि फार गोड, फार अप्रत्यक्ष इंग्रजीत पिन किंवा संकेतांक मागतो. नवखा, भिडस्त विद्यार्थी नम्रतेला नम्रतेने उत्तर देत बसतो आणि फसतो. बँक फोनवर पिन कधीच मागत नाही. इथे ‘कुड’ नको, ‘वंडरिंग’ नको. ‘नो. आय’म एंडिंग धिस कॉल’ म्हणावे, फोन ठेवावा आणि १५९ लावावा. २०२१ मध्ये सुरू झालेला हा क्रमांक ब्रिटनमधल्या बहुतेक बँकांच्या ग्राहकांना थेट आपल्या बँकेशी जोडून देतो.

न कळलेले पुन्हा विचारायलाही संकोच नसावा. स्कॉटिश किंवा लिव्हरपूलकडचा उच्चार पहिल्या ऐकण्यात कळत नाही, यात कमीपणा नाही. ‘सॉरी, आय डिडन’ट कॅच दॅट. कुड यू एक्स्प्लेन व्हॉट दॅट मीन्स?’ हे वाक्य सहीच्या आधी कितीही वेळा वापरावे. सहीनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. हे सारे इंग्रजी परदेशातल्या बँकेसाठी आहे. महाराष्ट्रातल्या बँकेत खाते उघडायला इंग्रजी येण्याची अट नाही. खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरायच्या चिठ्ठ्या, पासबुक हे इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत असावे, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या शाखेत मराठी अर्ज मागणाऱ्याने संकोचू नये. संकोच न देणाऱ्याला वाटला पाहिजे.

आणि तयारीची सुरुवात तिथूनच करता येते. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थीही परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो, आणि त्याचे इथले बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. निघण्याआधी आपल्या शाखेत जा आणि मराठीत विचारा : ‘माझं खातं एनआरओ करायला कोणती कागदपत्रं लागतील ते सांगाल का? किती दिवस लागतात? तोवर कार्ड चालेल की नाही?’ घरी येऊन हेच प्रश्न इंग्रजीत लिहा. प्रश्नार्थक शब्दानंतर इंग्रजी वाक्याचा सरळ क्रम मोडू नका. पुढे फक्त ‘कुड यू टेल मी’ जोडा आणि जिथे ‘की नाही’ आले तिथे ‘इफ’ घाला. मग त्यात ब्रिटनच्या बँकेचे प्रश्न मिळवा, कागद घडी करून पासपोर्टात ठेवा, आणि तिथल्या शाखेत तो उघडून, बघून विचारा. कागद पाहून प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला तिथे कुणी हसत नाही.